एकाच केबिनमधले तीन हिरवे

दाराची काच खाली-वर करायचं हँडल काढलं आणि त्यामागच्या चकतीखाली बांगडीएवढं एक वर्तुळ निघालं. शेवाळी, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेलं. साठ वर्षं ना उजेड लागला होता, ना हात. मी फोटो काढून पेंटरकाकांना पाठवला आणि खाली लिहिलं, "मूळ रंग सापडला." हेच वाक्य पुढच्या चार महिन्यांत मी त्यांना आणखी पाच वेळा पाठवलं.

गाडी १९६४ सालची पिकअप, मी ती मूळ रूपात परत आणत होते. इंजिन, गिअर, ब्रेक यांची कामं उरकली होती आणि बाहेरचा पांढरा रंगही होऊन गेला होता. बाहेरून जुळवणं सोपं असतं. सगळीच गाडी नव्याने रंगवायची, शेजारी तुलनेला जुनं काही उरत नाही, छटा अर्धी पायरी इकडेतिकडे झाली तरी विचारतो कोण? केबिनचं तसं नसतं. त्या काळातल्या पिकअपमध्ये आत कापड, फोम असलं काही फारसं नसे. डॅशबोर्ड, दारांचे आतले पत्रे, खिडक्यांच्या चौकटी, मागची भिंत, छताची आतली बाजू सगळा उघडा पत्रा, आणि तोच रंगवलेला. त्याच्याशेजारी स्टिअरिंगचा दांडा, सीटचं रेक्झिन, हात टेकायची गादी. यातलं काही मला जुनंच ठेवायचं होतं. म्हणजे नवा रंग जुन्याला खेटून बसणार आणि रोज डोळ्यांसमोर राहणार.

शिवाय आधीच्या कुणी मालकाने सगळ्या केबिनला आतून क्रीम रंग फासून ठेवला होता. फासून हाच शब्द बरोबर. स्क्रूच्या खाचाही भरल्या होत्या.

काकांनी पहिल्याच दिवशी एका कोपऱ्यात थिनरचा बोळा दाबून धरला आणि उचलला. बोळ्यावर क्रीम रंग आला. खालचा हिरवा मात्र जागचा हलला नाही. "वरचा लॅकर आहे, खालचा भट्टीतला एनॅमल," ते म्हणाले. लॅकर फक्त द्रावक उडून सुकतो, त्यामुळे कितीही वर्षांनी थिनर लावला की पुन्हा विरघळतो. एनॅमल सुकताना त्याची रासायनिक गुंफण होते, भट्टीत भाजलेला असेल तर आणखी घट्ट. तो फार तर मऊ पडतो. या दोन घराण्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. १९२४ च्या ओकलंड मोटारींवर ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि आधी ब्रशने वार्निशचे हात मारून आठवडेच्या आठवडे वाळत ठेवाव्या लागणाऱ्या गाड्या काही तासांत कोरड्या होऊ लागल्या. अल्किड एनॅमल त्यानंतरचे, १९३० च्या दशकातले. मला तेव्हा हे सगळं फक्त ऐकायला छान वाटलं. अल्किड हा शब्द पुढे आपल्याला तीन आठवडे खिडकीशी बसवून ठेवणार आहे, याची कल्पना नव्हती.

मग क्रीम थर उतरवायचं काम. थोडा थिनर, मऊ कापड, एका वेळी हाताच्या पंजाएवढी जागा, लगेच दुसऱ्या कापडाने कोरडं. जास्त वेळ भिजू दिलं की खालचा हिरवाही मऊ होतो, हे मी उजव्या दारावर शिकले. जिथे घासावंच लागलं तिथे वॉटर पेपर पाण्यात बुडवून. जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं असतं, त्यामुळे कोरडं घासणं बंद, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क, आणि खालची रबडी पुसून वेगळ्या पिशवीत. कंटाळवाणं काम, पण करायचंच.

क्रीम उतरल्यावर खरी गंमत सुरू झाली. हँडलच्या चकतीखाली शेवाळी. ग्लोव्ह बॉक्सचा पुठ्ठ्याचा डबा काढला तर डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला धुरकट राखाडी-हिरवा. आणि डॅशबोर्डच्या वरच्या पत्र्यावर, काचेखाली, पांढुरका, खडू चोळल्यासारखा. तीन हिरवे, आणि तिन्ही कारखान्यातल्या एकाच दिवशीचे.

वरच्या पत्र्याचं कोडं सोपं होतं. ऊन लागून रंगकणांना धरून ठेवणारी वरची राळ झिजते, आतले रंगकण मोकळे होतात आणि पृष्ठभाग भुकटीसारखा होतो. बोट फिरवलं की बोटाला लागतो. तिथे थोडं पाणी फिरवलं की रंग एकदम गडद दिसतो, तेवढ्यावरून अंदाज येतो. पण अंदाजच, कारण कुठलाही मॅट पृष्ठभाग ओला झाला की गडद दिसतोच. पॉलिशच्या बारीक कंपाउंडने टिकलीएवढी जागा घासली तर खालून जरा जिवंत हिरवा आला. त्यातही उन्हाने किती खाल्लेला, ते सांगणं कठीण.

धुरकट हिरव्याने मला आठवडाभर फसवलं. तो सर्वांत शुद्ध असणार अशी माझी समजूत, कारण ना ऊन, ना हात, ना पुसपास. काकांनी टॉर्च मारली आणि म्हणाले, "ताई, हा रंग नाही, ही रंगाची वाफ आहे." डॅशबोर्डची मागची बाजू कुणी मुद्दाम रंगवलेलीच नव्हती. पुढून फवारताना भोकांतून, कडांवरून जेवढं उडालं तेवढं बसलं होतं. पातळ थर, आणि त्यातून खालचा राखाडी प्रायमर डोकावत होता. जुना रंग शोधणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे आधी सांगते: झाकलेली जागा शोधा, पण पूर्ण थर बसलेली झाकलेली जागा शोधा. हँडलखाली, सन व्हायझरच्या पायाखाली, अ‍ॅशट्रेच्या पट्टीखाली, दाराच्या रबराखाली. या जागा रंगवताना उघड्या होत्या आणि नंतर झाकल्या गेल्या.

म्हणजे उरला शेवाळी. बाद करत करत उत्तर मिळालं, असं वाटलं.

दरम्यान मी सरळ रस्ताही धरला होता, कोडचा. जुन्या पिकअपवर रंगाचा कोड कुठेतरी असतोच. फोर्डवर त्या काळी ड्रायव्हरच्या दाराशी पाटी असे. शेवरोले आणि जीएमसीच्या १९६७ ते १९७२ च्या पिकअपना ग्लोव्ह बॉक्सच्या दाराच्या आत छापील चिठ्ठी असे. माझ्या गाडीची पाटी शाबूत होती, पण कोड बाहेरच्या रंगाचा. आतल्या रंगासाठी सजावटीचा वेगळा कोड, आणि त्यावरून तेव्हाच्या रंग कंपन्यांच्या नमुनापत्रात शोधायचं. डिट्झलर, ड्यूपॉन्ट, रिनशेड-मेसन या कंपन्या दरवर्षी गाड्यांच्या रंगांची पत्रं काढत. कागदावर खऱ्या रंगाच्या चौकोनी टिकल्या चिकटवलेल्या आणि खाली मिश्रणाचे क्रमांक. एका संग्राहकाच्या कृपेने माझ्या सालचं पान पाहायला मिळालं. टिकली माझ्या शेवाळीपेक्षा निळसर होती. पान कुठे, किती वर्षं, कसं ठेवलं होतं कोण जाणे, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. टिकलीच शहाणी होती, पण ते नंतर कळलं.

कोडवरून पहिला डबा बनवून घेतला. पत्र्यावर मारला तर स्वच्छ, थंड, हॉस्पिटलच्या भिंतीसारखा हिरवा. जुन्या रंगाच्या मिश्रणात जे घटक लिहिलेले असतात, ते आज मिळत नाहीत. त्या काळच्या पिवळ्या आणि हिरव्या छटांत लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य सर्रास असे. शिशामुळे ते मागे पडलं आणि त्याच्या जागी दुसरे पिवळे आले, हिरव्यासाठी थॅलोसायनिन नावाची रंगद्रव्यं. जुन्या क्रमांकाला आजच्या डब्यांत बसवायचं म्हणजे कुणीतरी कधीतरी केलेलं रूपांतर. ते कशावरून केलं, कुठला नमुना समोर ठेवून, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

घटक बदलले की आणखी एक भानगड होते. दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. मी हा प्रयोग अजाणता केला. दुसरा डबा काकांनी आणि मी मिळून रात्री ट्यूबलाइटखाली शेवाळीला जुळवला. इतका जुळला की सीमारेषा दिसेना. सकाळी गाडी उन्हात ढकलली तर आमची पट्टी पिवळसर, पिकल्या पानासारखी. पिवळ्या बल्बखाली पुन्हा तिसरंच. त्यानंतर नियम केला: आधी बाहेर, सावलीत, दुपारच्या उजेडात, मग बल्बखाली, मग ट्यूबखाली, आणि तिन्हीकडे एकदम जुळत नसेल तर दिवसाच्या उजेडाला मत द्यायचं.

मग आलं यंत्र. हातात मावणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, जो पृष्ठभागावर ठरावीक उजेड टाकून किती परत येतो ते तरंगलांबीनुसार मोजतो आणि जवळचं मिश्रण सुचवतो. त्याच्याविषयी लोकांच्या दोन टोकाच्या समजुती असतात, एक तर तो देव किंवा थोतांड. माझा अनुभव असा की यंत्र अतिशय प्रामाणिक आहे, आणि तीच त्याची अडचण. धूळ असेल तर धुळीसकट मोजतं. पत्रा वक्र असेल, तोंड नीट टेकलं नसेल, तर बाजूने शिरलेला उजेडही मोजतं. भुकटी धरलेल्या जागेवर ठेवलं तर भुकटीचा पांढरेपणा रंगाच्या खात्यात टाकतं. आम्ही हँडलखालचं वर्तुळ नीट पुसून, सपाट जागी, यंत्र थोडं फिरवत पाच वेळा वाचन घेतलं आणि सरासरी काढली. आलेल्या मिश्रणाचा वर्तुळाशी फरक, रंगांतलं अंतर मोजायच्या डेल्टा-ई या मापात, एकाच्या आत होता, आणि एकाच्या आतला फरक साध्या डोळ्याला जेमतेम कळतो. पुन्हा काकांना निरोप: मूळ रंग सापडला.

डबा तयार होता. दुसऱ्या दिवशी फवारायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी सामान गोळा करताना खिडकीत पडलेली अ‍ॅशट्रेची पट्टी मुलीने आणून दिली. "आई, ही दुसऱ्या गाडीची आहे का?"

पट्टी याच गाडीची होती. हँडल काढलं त्याच दिवशी डॅशबोर्डच्या आतून काढलेली, तेव्हा तिची मागची बाजू वर्तुळासारखीच शेवाळी होती, माझ्याकडे फोटो होता. दोन महिने ती खिडकीच्या कठड्यावर उलटी पडली होती. आता मागची बाजू राखाडीकडे झुकलेली, निळसर हिरवी झाली होती. पिवळेपणा कुठे गेला?

काकांना फोन केला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "उद्याचं फवारणं रद्द करा."

एनॅमलच्या अल्किड राळेत जवस, सोयाबीन अशा तेलांचे अंश असतात. अशा रंगांना अंधारात ठेवलं की ते हळूहळू पिवळे पडतात. घरात ऑइलपेंट मारलेल्या दारावरचं कॅलेंडर काढलं की खाली पिवळट चौकोन दिसतो, तो हाच प्रकार. उजेड मिळाला की त्यातला बराचसा पिवळेपणा परत जातो. म्हणजे मी ज्या जागेला साठ वर्षं जपलेली, अस्पर्श म्हणत होते, तीच अंधारात राहून सर्वांत जास्त बदलली होती. ऊन लागलेली जागा फिकी पडते एवढंच आपण लक्षात ठेवतो. उजेडच न लागलेल्या जागेचंही काही होत असेल, हे डोक्यात येत नाही.

एका पट्टीवर विश्वास ठेवायला मी आता तयार नव्हते. सन व्हायझरचा एक पाय घेतला. व्हायझरखाली झाकलेला, पूर्ण थराचा, शेवाळी. अर्ध्या भागाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळली, अर्धा उघडा, आणि खिडकीत ठेवला. रोज पाहू नये असं ठरवलं आणि रोज पाहिलं. चौथ्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी फॉइल सरकवली तर पुसट रेषा. तीन आठवड्यांनी रेषा इतकी ठळक की मुलीने लांबून दाखवली. त्यानंतर आणखी आठवडाभर ठेवला तर काही फरक पडला नाही. तिथे थांबले, कारण ऊन जास्त दिलं तर डॅशबोर्डच्या वरच्या पत्र्यासारखी उलटी गत व्हायची.

उघड्या अर्ध्या भागाशेजारी नमुनापत्राच्या टिकलीचा रंग आठवून पाहिला. आठवणीवर रंग जुळवता येत नाही हे माहीत असूनही. म्हणून पुन्हा त्या संग्राहकाकडे गेले, व्हायझरचा पाय रुमालात बांधून. टिकलीला खेटून धरला. टिकली किंचित उजळ, बाकी एकच. दोन वेगळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. निरोप मात्र या वेळी पाठवला नाही, स्वतः गेले.

पुढचं काम काकांचं. यंत्राने व्हायझरच्या उजळलेल्या भागावरून मिश्रण दिलं आणि ते त्यांनी पाया म्हणून घेतलं. मग थेंबाथेंबाने. त्यांची एक सवय मला फार आवडली: रंग "चुकलाय" असं ते कधी म्हणत नाहीत, "कुठे चाललाय" ते सांगतात. काळा टाकला की नुसता गडद होत नाही, हिरव्याचा तोल बदलतो. पांढरा जास्त झाला की थंड आणि दुधाळ होतो. लालचा एक थेंब हिरव्याचा भडकपणा मारतो आणि दुसरा थेंब त्याला मातकट करून टाकतो. डब्यातल्या ओल्या रंगाकडे ते बघतही नाहीत. प्रत्येक वेळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कार्डावर फवारायचं, पट्टे पूर्ण दिसेनासे होईपर्यंत हात मारायचे, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच शेजारी धरायचं. तेही गाडीवर ज्या गनने, ज्या दाबाने मारणार त्याच गनने. ब्रशने बोटभर फासून पाहिलेला रंग आणि फवारलेला रंग एक नसतो. अशी सतरा कार्डं झाली. सातवं आणि बारावं जवळजवळ सारखंच आहे, मधली चार फुकट गेली.

छटा जुळली तरी कार्ड परकंच दिसत होतं. कारण चकाकी. माझ्या केबिनमध्ये दारांचे पत्रे अर्धवट चकाकणारे, आणि डॅशबोर्डचा वरचा भाग जवळजवळ मॅट, समोरच्या काचेत उजेडाचं प्रतिबिंब पडून डोळ्यांवर येऊ नये म्हणून. एकाच डब्यातला रंग दोन चकाकींत मारला की दोन रंग दिसतात. मॅट केलेला उजळ आणि राखट वाटतो, कारण पृष्ठभाग सगळीकडे उजेड उधळतो आणि त्यातला पांढरेपणा रंगात मिसळतो. म्हणून छटा आधी ठरवून मग चकाकी मारणारी मॅटिंग पेस्ट घालणं ही अर्धी चूक. पेस्ट घालून, वाळवून, मग छटेचा शेवटचा थेंब ठरवायचा. पेस्ट तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक वेळी डबा ढवळायचा. जाड हात मारला की चकाकी वाढते, पातळ मारला की कमी होते. प्रत्यक्ष फवारणी काकांनीच केली, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लावून. रंग कडक होण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरमधली आयसोसायनेट्स ही घातक रसायनं साध्या कापडी मास्कला जुमानत नाहीत आणि मला तो प्रयोग करायचा नव्हता.

आणि मग मी घोळ घातला. डॅशबोर्ड अप्रतिम आला होता. वरच्या भागावर एक धुळीचा कण, मोहरीएवढा. बाहेरच्या रंगावर असा कण आम्ही बारीक पेपरने काढून पॉलिश केला होता, इथेही काकांना न विचारता तेच केलं. कण गेला. त्याच्या जागी आरशासारखा चमकणारा तळहाताएवढा डाग आला. मॅट रंग पॉलिश होत नाही, झाला तर मॅट राहत नाही, आणि मधल्यामध्ये ठिगळही लागत नाही. अख्खा डॅशबोर्ड पुन्हा घासून पुन्हा मारावा लागला. काका काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटची शंका केबिनमध्ये बसून आली. कार्ड हातात घेतलं की बरोबर, आणि सगळं रंगवून आत बसलं की हिरवा जरा जास्तच. घाबरून कार्ड डॅशबोर्डला टेकवलं, तर एकच. आपण एका हिरव्या खोक्यात बसलेलो असतो. छतावरून, दारांवरून, मागच्या भिंतीवरून उजेड एकमेकांवर आपटत येतो आणि प्रत्येक टप्प्याला आणखी हिरवा होतो. छोट्या टिकलीवर हे कधीच दिसत नाही. दोन दिवसांत डोळ्यांना सवय झाली. मूळ गाडीतही तसंच दिसत असणार.

सीटचं रेक्झिन आणि हात टेकायची गादी वेगळ्या वाटेने म्हातारी झाली आहेत, ती रंगाशी जुळत नाहीत. तशीच ठेवली आहेत.

अ‍ॅशट्रेमागे डॅशबोर्डच्या पत्र्यावर चार बोटांची जागा चिकटपट्टी लावून न रंगवता सोडली आहे. कारखान्यातला थर, जसा होता तसा. ग्लोव्ह बॉक्समध्ये एका पाकिटात सतरावं कार्ड आणि मिश्रणाचा कागद आहे. कार्डाची मला खात्री आहे, त्या जागेची नाही. अ‍ॅशट्रे परत बसवून आठ महिने झाले, तिथे अंधार आहे आणि पिवळं पडणं पुन्हा सुरू झालं असेल. म्हणून कागदावर खाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: अ‍ॅशट्रेमागचा रंग बघायचा असेल तर आधी डॅशबोर्ड तीन आठवडे उजेडात ठेवा.